वीणेचा पहारा आणि भिंगारची बस

या, असे जवळ येऊन बसा. सतरंजी मोठी आहे, संकोच करू नका. लांब खांबाला टेकून बसणारे निम्म्यात विचारतात, "कोण म्हणालं?" आणि मग सांगणाऱ्याचा सगळा रंग जातो. तर एक गोष्ट सांगते. खरं म्हणजे हे गाऱ्हाणंच आहे, पण शेवटी त्याची गोष्ट झाली. आयुष्यभर कीर्तनं ऐकून मला मुद्द्यावर यायच्या आधी दोन वळणं घ्यायची खोड लागलीय, तेवढं सांभाळून घ्या.

गाऱ्हाणं आहे माझ्या धाकट्या भावाचं, कल्याणचं. मी ज्योती, भिंगारमध्ये आमच्या आईची पिठाची गिरणी चालवते. कल्याण तिकडे सावेडीत राहतो, विमा कंपनीत साहेब आहे. दिवसभर अपघातांचे कागद वाचून त्याला अख्खं नगर म्हणजे एक मोठा अपघात वाटतो, तो फक्त अजून व्हायचा राहिलाय एवढंच. त्याला एकच लेक, संस्कृती. सातवीत आहे. शाळेत व्हॅनने जाते, व्हॅनने येते. सायकल घेऊन दिली, ती बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरवते, घाण्याला जुंपल्यासारखी. फाटकाबाहेर चाक गेलं की वॉचमनचा कल्याणला फोन.

आणि हा कल्याण कोण? तर जो आठ वर्षांचा असताना शहर बसच्या मागच्या शिडीला लोंबकळायचा, तो.

आम्ही दोघं भिंगारहून नगरातल्या शाळेत बसने जायचो. आई सकाळी गिरणीचा पट्टा चढवता चढवता म्हणायची, "जा, बस गाठा." बास. पोचलात का, जेवलात का, कुणी विचारायचं नाही. न पोचायला काय झालं? बस होती, बसला नबीलालचाचा होते.

नबीलालचाचा आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे. भिंगार-माळीवाडा बसचे कंडक्टर. सकाळची बस त्यांची, आणि संध्याकाळचीही बहुतेक त्यांचीच. त्यांची हमिदाचाची आमच्या गिरणीत ज्वारी टाकायला यायची आणि चाचा बसमध्ये आमच्यावर खेकसायचे, असा दोन्ही घरांचा घरोबा. चाकावरच्या सीटवर बसलं की खड्ड्यागणिक उडायला मिळायचं, म्हणून त्या सीटसाठी आमची मारामारी. कल्याण हटकून खिडकीतून डोकं बाहेर काढायचा आणि चाचा तिकिटाला भोक पाडणारा टिकटिक चिमटा उगारून ओरडायचे, "ए गिरणीवाल्या, डोकं आत! ते रस्त्यात सांडलं तर तुझी आई माझ्याकडे भरून मागंल!" सगळी बस हसायची. किल्ल्याचा खंदक आला की आम्ही मुलं उभी राहायचो, आत मगर असते असं कुणीतरी सांगितलं होतं. मगर कधी दिसली नाही, पण बघायचं कुणी सोडलंही नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पास दाखवून उगाचच बसमध्ये बसून राहायचं. कुठे जायचंय, तर कुठेच नाही. चाचा म्हणायचे, "काय रे, बस काय तुमचा पाळणा हाय का?" पण उतरवायचे नाहीत. पुढच्या थांब्यावर एखादी म्हातारी चढली की मात्र आमचं बखोट धरून उठवायचे, "चला, पासवाले साहेब, उभे ऱ्हावा." आमच्या देवळात सप्ताह बसला की बस समोरून जाताना ड्रायव्हरला हॉर्न वाजवू द्यायचे नाहीत. "आत नाम चाललंय, दमानं घे," म्हणायचे.

हे सगळं मी संस्कृतीला सांगते आणि तिचे डोळे असे मोठे होतात की मला भरून येतं आणि त्याच वेळी तिच्या बापाचा संतापही येतो.

आता मुद्द्यावर येते. आमच्या गल्लीतल्या विठ्ठलाच्या देवळात राधाकृष्ण बुवा दर रविवारी पोरांना पखवाज शिकवतात. संस्कृतीने दिवाळीत तो ऐकला आणि तिला त्याचं वेडच लागलं. जेवणाच्या टेबलावर, शाळेच्या दप्तरावर, जिथे मिळेल तिथे बोटं वाजवायची. तिला शिकायचं होतं. पण रविवारी कल्याणला विम्याच्या पार्ट्यांना, म्हणजे गिऱ्हाइकांना, भेटायला जावं लागतं, आणि पंकजाला, म्हणजे तिच्या आईला, गाडी येत नाही. मी फोन केला.

"कल्या, पोरीला बसने पाठव. सावेडीहून माळीवाडा, माळीवाड्याहून भिंगार. वेशीपाशी उतरली की मी उभी आहे."

"ताई, वेड लागलंय का तुला? एकटी?"

"तू आठ वर्षांचा होतास. तिला बारा संपून तेरावं लागलंय."

"तेव्हाचं वेगळं होतं."

हे वाक्य आलं की माझ्या डोक्यात गिरणी सुरू होते. तेव्हाचं काय वेगळं होतं? तेव्हा रस्त्याला दिव्यांचे खांब कमी होते, घरी फोन नव्हता, आणि बसच्या खिडक्या दोरीने बांधलेल्या असायच्या. वेगळं असेल तर ते हेच.

"आणि ती केडगावची गोष्ट सांगू का तिला?" मी म्हटलं.

"ताई, खबरदार!"

कसली गोष्ट, ते येईल पुढे.

शेवटी पोरीनेच हट्ट धरून एक रविवार मिळवला. कल्याणने अट घातली. मोबाईल जवळ ठेवायचा, त्यात ते नकाशावरचं टिंब चालू ठेवायचं, आणि दिवे लागायच्या आत घरात पाय पाहिजे. एकदा नीट जमलं तर दर रविवारी बसने जाऊन पखवाज शिकायचा. नाही जमलं तर विषय संपला, मोठी होईपर्यंत पुन्हा नाव काढायचं नाही. साहेबांनी पॉलिसी काढावी तशी अट!

रविवार आला, तो नेमका आमच्या सप्ताहातला. दुपारी मी वेशीपाशी उभी. बस आली. दारातून पोर अशी उतरली की जणू विमानातून उतरतेय. केस उडालेले, गाल लाल. "आत्या, मला चाकावरची सीट मिळाली!" पहिलं वाक्य हे. त्यापाठोपाठ फोन वाजला, दुसरं वाक्य बापाचं. "उतरलीस का? टिंब वेशीपाशी दिसतंय." मी फोन घेतला आणि म्हटलं, "टिंबाला माझा रामराम सांग," आणि ठेवून दिला.

देवळात गेलो. तुमच्यापैकी कुणी सप्ताहाला उभं राहिलं नसेल तर एक सांगायला हवं. सप्ताह बसल्यापासून उठेपर्यंत देवापुढे कुणीतरी गळ्यात वीणा घेऊन उभं असतं. दिवस असो, रात्र असो, नाम चालू. त्याला पहारा म्हणतात. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याने वीणा घ्यायची. वीणा खाली टेकवायची नाही. आणि वीणा हातात असताना नामाशिवाय शब्द काढायचा नाही. आमच्या आजोबांपासून हा नेम आमच्या गल्लीत मोडलेला नाही.

त्या दुपारी पहारा माझा होता, माझ्यानंतर राहीबाईंचा. माझा उजवा खांदा वर्षभर आखडलाय, वीणा पेलवेना. संस्कृती म्हणाली, "आत्या, तुझ्या जागी मी उभी राहू?" मला काय आनंद झाला, कसं सांगू. राधाकृष्ण बुवांनीच तिच्या कपाळी बुक्का लावला, गळ्यात वीणा घातली. फोन माझ्या पिशवीत, बंद करून. देवापुढे फोन चालू ठेवून उभं राहायचं नाही, हाही आमचा नेम. पोर डोळे मिटून उभी राहिली, "रामकृष्णहरी" म्हणत. आवाज सुरुवातीला बारीक, मग हळूहळू मोकळा.

पहारा संपायची वेळ झाली. राहीबाई येईनात. त्या तिसगावला भाच्याच्या लग्नाला गेल्या होत्या, "जेवन झालं की निघतेच की," असं म्हणून. आता देवळात कोण उरलं? राधाकृष्ण बुवा आणि मंडळी रात्रीच्या कीर्तनकार महाराजांना आणायला गेलेली. बायका पलीकडे शाळेच्या पटांगणात पंगतीचा स्वयंपाक करत होत्या. देवळात मी एक, आणि सूर्यभानबाबा, जे काठीशिवाय उभे राहत नाहीत आणि काठी घेऊन वीणा धरता येत नाही.

मी सूर्यभानबाबांना म्हटलं, "बाबा, पोरीला घरी जायला उशीर होतोय."

"मंग जाऊ दे की तिला."

"वीणा कोण धरेल?"

"व्हय. ते हाय खरं," म्हणाले आणि पुन्हा डुलकी घेतली.

पोरीने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. तोंडात नाम, डोळ्यात पाणी. ऊन उतरत होतं. तिची अट, तिचा पखवाज, तिचे सगळे रविवार, सगळं त्या उन्हाबरोबर उतरत होतं. पण वीणा तिने खाली केली नाही. मी म्हटलं, कुणाला तरी बोलावून आणते, आणि दाराकडे वळले, तर दारात कल्याण.

बूट घातलेलेच, उंबऱ्याच्या बाहेर. हातात फोन, श्वास चढलेला. गाडी गल्लीच्या तोंडाशी आडवीच लावलेली.

"कुठाय ती? फोन बंद! टिंब तासाभरापासून इथंच! हलत नाही!"

"अरे, देवळात उभ्या असलेल्या पोरीचं टिंब काय नाचणार आहे का?"

"ताई, चेष्टा पुरे. मला वाटलं... मी काय काय विचार केला, तुला माहीत आहे? संस्कृती, चल. झाला तुझा प्रयोग. पुन्हा बसचं नाव काढायचं नाही."

पोर तिथूनच म्हणाली, "रामकृष्णहरी." तेवढंच म्हणता येत होतं तिला. पण अशा सुरात म्हणाली की त्यात सगळं भांडण आलं.

सूर्यभानबाबा जागे झाले. "कोन, गिरनीवालीचा कल्याण का? बरं झालं आलास. तुझ्या बापानं लई पहारे केलेत हितं. धर की वीणा."

"बाबा, मी गाडी आडवी लावलीय..."

"गाडी काय देवाच्या वाटंत हाय का? काढ ते बूट."

कल्याणने माझ्याकडे पाहिलं. मी कशाला बोलू? त्याला सगळं ठाऊक होतं. लहानपणी तोही इथेच उभा राहिला होता, वीणा त्याच्या गुडघ्यापर्यंत यायची. तो पोरीला हाताला धरून ओढून नेऊ शकत होता, पण मग वीणा खाली ठेवावी लागली असती. आणि ते कल्याणच्या हातून झालं नसतं. कितीही साहेब झाला तरी.

त्याने बूट काढले, नळावर पाय धुतले. सूर्यभानबाबांनी डोक्यावरची आपली टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. ती कानांपर्यंत आली.

आता वीणा घेण्याची रीत अशी, की घेणाऱ्याने आधी देणाऱ्याच्या पाया पडायचं. समोर लहान आहे की मोठा, बाई आहे की बाप्या, बघायचं नाही. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याच्या पायावर डोकं. कल्याण पोरीसमोर जाऊन उभा राहिला आणि क्षणभर थांबला. ज्या पोरीला बसचा दांडा धरता येईल यावर त्याचा विश्वास नव्हता, तिच्या पायाशी वाकायचं होतं. मग तो वाकला. पार खाली, कपाळ टेकवून. पोरीने त्याच्या टोपीला हात लावला, वीणा काढली, त्याच्या गळ्यात घातली आणि मग तीही त्याच्या पाया पडली.

"रामकृष्णहरी," कल्याण म्हणाला.

आणि इथे माझ्या लक्षात आलं, मंडळी, की माझा भाऊ आता बोलू शकत नाही. दोन्ही हात गुंतलेले, तोंडाला नाम. आयुष्यात पहिल्यांदा तो माझं ऐकून घेणार होता, कारण "तेव्हाचं वेगळं होतं" म्हणायची सोयच नव्हती. अशी संधी देव रोज देत नाही.

"संस्कृती, ये इकडे," मी म्हटलं, "तुला केडगावची गोष्ट सांगते."

कल्याणने डोळे वटारले. "रामकृष्णहरी!" मोठ्यांदा.

"म्हण, म्हण. तर तुझे हे पप्पा तिसरीत होते. मला ताप होता, म्हणून शाळेतून एकटे निघाले. माळीवाड्याला आले आणि भिंगारच्या बसऐवजी केडगावच्या, म्हणजे नगरच्या पार दुसऱ्या टोकाच्या, बसमध्ये चढले. चढले ते चढले, वर चाकावरच्या सीटवर झोपून गेले! केडगावला जाग आली. अनोळखी गाव, साहेब रडायला लागले. बसवाल्यांनी विचारलं तर नाव सांगायचं सोडून म्हणतात, 'मी नबीलालचाचांचा आहे.'"

पोर खुदकन हसली. कल्याणने मान वळवून विठ्ठलाकडे केली.

"त्या लोकांनी परत माळीवाड्याला आणून चाचांच्या ताब्यात दिलं. चाचांनी आमच्या दारात आणून सोडलं आणि आईला म्हणाले, 'वहिनी, मार नका देऊ. आणि उद्या पुन्हा बसमधीच पाठवा. एकदा भ्याला आन् घरी बसला, तर मोठेपनीबी त्याला सगळीकडं केडगावच दिसंल.' आईने काय केलं माहीत आहे? दुसऱ्या दिवशी पट्टा चढवता चढवता म्हणाली, 'जा, बस गाठा.' कल्या, आईला भीती वाटली नव्हती असं समजू नकोस. त्या दिवशी तिने दळणात दळण मिसळलं. ज्वारीत गहू, गव्हात हरभरा. हमिदाचाचीने ते न बोलता नेलं. पण तुला बसमध्ये पाठवलं की नाही?"

बाहेर ऊन देवळाच्या पायरीवरून खाली गेलं होतं.

संस्कृती हळूच म्हणाली, "पप्पा, वेशीपाशी बस लागलीय. आता निघाले तर दिवे लागायच्या आत पोचते. तुमचीच अट आहे. तुम्ही म्हणाल तर थांबते."

कल्याणने तिच्याकडे बघितलं. गडबडीत बंद करायचा राहिलेला फोन त्याच्या खिशात वाजायला लागला, वाजत राहिला, त्याला घेता येईना. मग त्याने हनुवटी उचलली आणि दाराकडे केली. एवढंच. "रामकृष्णहरी," म्हणाला, पण आता हळू.

पोर धावली. माझ्या पिशवीतला फोन आणि चपला हातात घेऊनच धावली. मी वेशीपर्यंत मागे गेले, तोवर बस सुटत होती आणि ती चाकावरच्या सीटवर बसून मला हात करत होती. हात खिडकीच्या बाहेर! मी ओरडले, "हात आत!" आणि ओरडता ओरडता मला कुणाचा आवाज आपल्या तोंडून निघाला ते कळलं.

दिवे लागायला अजून अवकाश होता आणि माझ्या फोनवर पंकजा. "ताई, संस्कृती घरी आली. एकटीच! पण हे कुठे आहेत? फोन उचलत नाहीत. टिंब तिथंच दिसतंय, हलतच नाही. मला बाई काळजी वाटतेय."

मी इतकी हसले की सूर्यभानबाबा दचकले.

राहीबाई आल्या त्या लग्नाच्या शालूतच, पळत. "माय, काय सांगू! करंजीच्या घाटात टेम्पोचं टायर बसलं. लई जीव गोळा झाला माझा. म्हनलं, वीना टेकली का काय! कुठंय पोरगी?" कल्याणला बघून थबकल्या. हात पुढे केले, पाया पडायला वाकल्या, पण कल्याणचे डोळे मिटलेले. राहीबाई थोडा वेळ थांबल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "ह्याला गाडीची आठवन द्या कुनी. गल्लीत लोकं शिव्या द्याया लागलेत."

बाहेर पायरीवर बूट घालताना कल्याण म्हणाला, "ताई, ती केडगावची गोष्ट तू फार वाढवून सांगितलीस."

"थोडी."

मग बुटाच्या नाडीशी खूप वेळ खेळत बसला. "पुढच्या रविवारी दुपारची बस नक्की असते ना? मधेच रद्द करतात म्हणे."

संपलं का गाऱ्हाणं? छे! पुढच्या रविवारी पोर बसमधून उतरली आणि बसच्या मागे कल्याणची गाडी. सावेडीपासून बसच्या मागे मागे आला होता, पार्ट्यांच्या भेटी सोडून! मी कपाळाला हात लावला. त्यानंतरच्या रविवारी माळीवाड्यापर्यंतच आला. आता घरूनच टिंब बघतो म्हणे. असा हा माझा भाऊ, हळूहळू केडगावहून परत येतोय. पखवाज मात्र पोर छान वाजवते. परवा कीर्तनात मागे बसली होती, बुवांनी मान डोलावली.

नबीलालचाचा आता नाहीत. हमिदाचाचीही गेली. त्यांच्या जागी बसमध्ये आता कोण असतं, मला माहीत नाही. पण मंडळी, तुम्ही कधी शहर बसमध्ये चढलात आणि एखादं पोर एकटंच चाकावरच्या सीटवर उडत बसलेलं दिसलं, तर त्याला उगाच हटकू नका, कुणाचं रे म्हणून घाबरवू नका. त्याचं डोकं खिडकीबाहेर गेलं तर तेवढं एकदा खेकसा. आणि खेकसताना आमच्या नबीलालचाचांची आठवण ठेवा.